शेवटची केबल

जुलैतली सकाळ. पनवेलमधल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपुढची रांग दारापर्यंत आली होती. वीज होती, संगणक चालू होते, इंटरनेटची लाइनही व्यवस्थित होती. तरी खिडकीतल्या बाईंच्या पडद्यावर रुग्णाचं नाव उघडत नव्हतं. प्रयोगशाळेत रक्ताचे रिपोर्ट तयार होते, पण वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना ते दिसत नव्हते. मावशी कागद हातात घेऊन जिने चढत-उतरत होत्या. मी नेटवर्कची कामं करतो, म्हणून मला फोन आला.

जिन्याखालच्या खोलीत रॅक होता. त्यात एकावर एक असे चार स्विच, प्रत्येकाला 48 पोर्ट. पहिल्याचे दिवे लुकलुकत होते, दुसरा पूर्ण अंधारात, तिसरा आणि चौथा पुन्हा लुकलुकते. रात्री वीज दोन-तीनदा ये-जा झाली होती आणि त्यात दुसऱ्याचा पॉवर सप्लाय गेला होता. हिशेबाने 48 पोर्ट बंद पडायला हवे होते. बंद पडले होते 144. सर्व्हर आणि इंटरनेट दोन्ही पहिल्या स्विचवर होते, पहिल्यातून एक साधी केबल दुसऱ्यात, दुसऱ्यातून एक तिसऱ्यात, तिसऱ्यातून एक चौथ्यात. दुसरा गेला तेव्हा त्याच्या पुढच्या दोघांचा रस्ताच तुटला. दोघेही धडधाकट होते, पण कुणाशी बोलणार?

तात्पुरता इलाज सोपा होता. पहिल्यातून थेट तिसऱ्यात केबल टाकली आणि दहा मिनिटांत रांग हलू लागली. खरा प्रश्न त्यानंतरचा होता: एक यंत्र बिघडलं तर त्याच्याएवढंच नुकसान व्हावं, तिप्पट नव्हे, यासाठी काय करायचं? त्याचं उत्तर म्हणजे स्टॅकिंग. शाळा, दवाखाने, पतपेढ्या, सोसायट्या, कारखाने सगळीकडे आता दोन-चार स्विच असतातच. तरी स्टॅकिंग म्हणजे नेमकं काय आणि ते कसं करायचं, हे मराठीत सांगणारं फार थोडं लिहिलं जातं. म्हणून हा लेख.

आधी स्विचबद्दल थोडं. आजच्या जवळपास सगळ्या कार्यालयांत चालणारं इथरनेट 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी आकाराला आणलं. सुरुवातीला सगळे संगणक एकाच जाड केबलला लटकलेले असत. एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जाई आणि दोघे एकदम बोलले की दोघांचंही वाया जाई. पुढे हब आले, पण हबही तसाच: एका पोर्टवर आलेलं सगळ्या पोर्टांवर ओतणार. ही गर्दी मोडली ती स्विचने. कुठल्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे हे स्विच लक्षात ठेवतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला मॅक ॲड्रेस असतो. स्विच तो वाचतो, आपल्या तक्त्यात लिहितो आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवतो. गावातला जुना पोस्टमन जसा घरं ओळखून टपाल टाकायचा, तसंच.

पहिला बाजारात आलेला इथरनेट स्विच 1990 मधला. सात पोर्टांचा. तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज या भारतीय उद्योजकाने अमेरिकेत ती काढली आणि पत्नीचं नाव तिला दिलं. या कंपनीने आणखी एक मोठं काम केलं. दोन स्विचमध्ये दोन-चार केबली टाकून त्यांची मोळी बांधायची आणि तो एकच रुंद रस्ता आहे असं दोघांनाही समजावायचं, ही युक्ती तिचीच. 1994 मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. आज जगभर कोट्यवधी स्विच चालतात, त्यांच्या वंशावळीच्या मुळाशी हे घरगुती नाव आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ती मोळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रुग्णालयात होती तशा जोडणीला आमच्या धंद्यात कॅस्केड म्हणतात. तिच्यात तुटण्याशिवाय आणखी दोन दोष आहेत. पहिला रुंदीचा. 48 पोर्ट प्रत्येकी 1 गिगाबिटचे असले, तरी त्या सगळ्यांना पुढच्या स्विचकडे जायला एकच 1 गिगाबिटची केबल. पनवेलजवळच्या कळंबोलीच्या सर्कलवर संध्याकाळी चारी बाजूंनी गाड्या येतात आणि पुढचा रस्ता अरुंद असतो, तसं होतं. दुसरा दोष असा की रस्ता तुटू नये म्हणून कुणी हौसेने चौथ्यातून परत पहिल्यात केबल टाकली, तर लूप लागतो. सगळ्यांसाठी काढलेला एक निरोप त्या गोलात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क गुदमरतं. यावर 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत रेडिया पर्लमन यांनी उपाय शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत बोलून गोल ओळखतात आणि एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात. वापरातला दुवा तुटला की बंद ठेवलेला उघडतात. उपाय अप्रतिम आहे आणि आजही चालतो. पण त्यात एक केबल कायम रिकामी बसते आणि जुन्या पद्धतीत तो दुवा उघडायला 30 ते 50 सेकंद लागतात. नवी पद्धत पुष्कळ वेगवान आहे, तरी चार स्विच शेवटी चारच राहतात. चार आयपी ॲड्रेस, चार कॉन्फिगरेशन, चार पासवर्ड. एखादा बदल करायचा तर चार वेळा करायचा आणि चौथ्या वेळी चुकायचं.

स्टॅकिंगमध्ये हे चार स्विच एक होतात. नेटवर्कला ते एकच स्विच म्हणून दिसतात. 48 पोर्टांचे चार जोडले तर 192 पोर्टांचा एक स्विच, एक आयपी ॲड्रेस, एक कॉन्फिगरेशन. त्यांतला एकजण प्रमुख असतो. बाकीचे स्वतःच्या पोर्टांवरची वाहतूक स्वतःच हलवतात, पण नियम कोणते पाळायचे हे प्रमुख सांगतो. पोर्टांची नावंही त्याप्रमाणे बदलतात: पहिल्या स्विचचा पाचवा पोर्ट, तिसऱ्या स्विचचा विसावा पोर्ट, असा आधी स्विचचा क्रमांक आणि मग पोर्टचा.

ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली ती सिस्कोच्या कॅटॅलिस्ट 3750 या मालिकेने, 2003 मध्ये. मागच्या बाजूला स्टॅकसाठी दोन खास सॉकेट, बोटभर जाड केबली, जास्तीत जास्त नऊ स्विच आणि त्यांच्यामध्ये 32 गिगाबिटचा रस्ता. आज त्याच घराण्यातल्या कॅटॅलिस्ट 9300 मध्ये तो 480 गिगाबिटचा आहे. इतर कंपन्यांकडे हीच गोष्ट वेगळ्या नावांनी मिळते. ज्युनिपर तिला व्हर्च्युअल चासी म्हणते, अरुबा व्हीएसएफ. यांतल्या पुष्कळ पद्धतींत खास केबलीऐवजी नेहमीचे 10 गिगाबिटचे पोर्ट वापरता येतात. मग फायबर टाकून तळमजल्यावरचा आणि चौथ्या मजल्यावरचा स्विचसुद्धा एका स्टॅकमध्ये बसतो. खास केबलींची लांबी मात्र अर्धा मीटर, एक मीटर, फार तर तीन मीटर. म्हणजे एकच रॅक किंवा शेजारचा.

खरेदी करताना एक सावधगिरी बाळगा. खोक्यावर स्टॅकेबल लिहिलेलं दिसलं म्हणून भुलू नका. काही स्वस्त स्विचच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच असतो की एका वेबपानावरून सगळे सांभाळता येतात. सोय चांगली आहे, पण ते आतून वेगवेगळेच राहतात. दुकानदाराला सरळ विचारा: एक सदस्य बंद पडला तर बाकीचे त्याच आयपीवर चालू राहतील का? आणि दोन वेगवेगळ्या सदस्यांवरच्या केबलींची एक मोळी बांधता येईल का? दोन्हींना हो म्हणाला तरच तो स्टॅक.

आता जोडणी. माझा अनुभव असा की स्टॅक बिघडतो तो हाताने नव्हे, कागदाने. म्हणजे कागद न केल्याने. म्हणून पहिलं काम रॅकपाशी जाण्याआधी, टेबलावर. एका कोऱ्या कागदावर चार आडव्या पट्ट्या काढायच्या. वरच्या पट्टीवर 1, तिच्याखाली 2, 3, 4. प्रत्येकीपुढे त्या खोक्याचा सिरीयल नंबर लिहायचा. प्रमुख कोण आणि प्रमुख गेला तर त्याची जागा कोण घेणार, हे लिहायचं. कुठली केबल कुठल्या सॉकेटमधून कुठे जाणार, त्या रेघा काढायच्या. हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवायचा. पाच वर्षांनी दुसरा कुणी तो रॅक उघडेल, तेव्हा त्याला तोच उपयोगी पडणार आहे.

दुसरं काम म्हणजे सगळ्यांना एका पातळीवर आणणं. स्टॅकमधले स्विच एकाच मालिकेतले हवेत आणि त्यांच्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती एकच हवी. परवान्याची पातळीही एकच हवी. आवृत्ती वेगळी असेल तर तो सदस्य केबलने जोडलेला दिसतो, पण कामावर घेतला जात नाही. त्याच्यापुढे व्हर्जन मिसमॅच असा शेरा येतो. काही मालिका अशा सदस्याला आपोआप अद्ययावत करतात, पण त्यावर विसंबू नये. प्रत्येक खोकं वेगळं चालू करावं, कन्सोल केबलने लॅपटॉप जोडावा, आवृत्ती बघावी, हवी ती घालावी. स्विच जुना असेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला आणलेला असेल, तर त्यातलं आधीच्या मालकाचं कॉन्फिगरेशन पुसून टाकल्याशिवाय त्याला इतरांच्या जवळसुद्धा नेऊ नये. कारण पुढे सांगतो.

तिसरं, प्रमुखाची नेमणूक. सिस्कोच्या स्टॅकमध्ये प्रत्येक स्विचला 1 ते 15 यांमधला एक प्राधान्यक्रम देता येतो. ज्याचा मोठा, तो प्रमुख. तुम्ही काहीच दिलं नाही तर सगळ्यांचा 1 असतो. मग बरोबरी फोडायला मॅक ॲड्रेस बघितला जातो आणि ज्याचा सर्वांत लहान, तो निवडला जातो. मॅक ॲड्रेस कारखान्यात चढत्या क्रमाने दिले जातात, त्यामुळे लहान ॲड्रेसवाला बहुधा सगळ्यांत जुना असतो. म्हणजे नेमणूक न करता सोडून दिलं तर सगळा कारभार बहुधा सगळ्यांत म्हाताऱ्या यंत्राच्या हाती जातो. तसं होऊ देऊ नये. पहिल्याला 15, त्याच्या जागी यायच्या स्विचला 14, बाकीच्यांना त्याखालचे आकडे. सदस्यांचे क्रमांकही आत्ताच द्यावेत, रॅकमधल्या जागेप्रमाणे, वरून खाली. रॅकमध्ये तिसऱ्या जागी बसलेला स्विच सॉफ्टवेअरमध्ये 1 नंबरचा असेल, तर रात्री दोन वाजता फोनवर कुणाला सांगताना हमखास घोटाळा होतो आणि चांगल्या स्विचची वायर उपसली जाते.

आता सगळ्यांची वीज बंद करायची आणि केबली जोडायच्या. या केबलीचं तोंड चपटं, रुंद असतं आणि दोन्ही कडांना हाताने फिरवायचे बारीक स्क्रू असतात. तोंड सरळ आत ढकलायचं, बसल्याचं बोटांना जाणवतं. मग दोन्ही स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने पिळायचे. एकच आधी पूर्ण पिळला तर तोंड तिरकं होतं; बाहेरून बसल्यासारखं दिसतं आणि आत एका बाजूचा स्पर्श अर्धवट राहतो. असा स्टॅक चालतो, पण मधूनच दुवा पडतो आणि पुन्हा लागतो. हा दोष शोधायला मी एकदा जवळजवळ पूर्ण दिवस घालवला आहे. केबल जाड असते, तिला तीव्र वळण सहन होत नाही. रॅकचं मागचं दार लावताना ती दाबली जात नाही ना, हे वाकून बघायचं.

पहिल्याच्या दुसऱ्या सॉकेटमधून दुसऱ्याच्या पहिल्यात, दुसऱ्याच्या दुसऱ्यातून तिसऱ्याच्या पहिल्यात, तिसऱ्यातून तसंच चौथ्यात. झाल्या तीन केबली. चारही स्विच जोडले गेलेत. आत्ता वीज दिली तर स्टॅक तयार होईल, सगळे दिवे हिरवे लागतील, सगळ्यांचं नेट चालेल. आणि नेमक्या इथे पुष्कळ लोक थांबतात.

थांबू नये. चौथ्याच्या दुसऱ्या सॉकेटमधून परत पहिल्याच्या पहिल्यात एक केबल जायलाच हवी.

जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ओळख बैलगाडीची चाकं बनवणारं गाव म्हणून आहे. घाटावरून आलेल्या गाड्या इथून चाकं घेऊन परत जात. लाकडी चाक सुताराने कितीही सुबक जुळवलं, तरी त्याच्या परिघावर लोखंडी धाव चढल्याशिवाय ते गाडीला लावत नाहीत. धाव तापवून चढवतात, मग पाणी ओततात, ती आवळते आणि सगळे तुकडे एकमेकांना घट्ट धरतात. स्टॅकची शेवटची केबल ही ती धाव आहे. ती नसताना चार स्विच म्हणजे मडक्यांची उतरंड: मधलं एक काढलं की वरचं सगळं आलं. ती लावली की रस्ता गोल होतो. निरोपाला उजवीकडून जाता येतं आणि डावीकडूनही. मधली एक केबल तुटली तर वाहतूक उलट्या अंगाने वळते. दुसरा स्विच बंद पडला, तर पहिल्याला तिसऱ्याकडे जायला चौथ्याच्या बाजूने वाट असते. रुंदीसुद्धा गोल पूर्ण असेल तरच पूर्ण मिळते; तुटका असेल तर निम्मी. इथे लूप लागत नाही, कारण हा गोल स्टॅकच्या आतला आहे आणि त्यात निरोप कसे फिरवायचे याचे नियम बनवणाऱ्याने आधीच घातलेले असतात.

शेवटची केबल राहून जाते त्याचं कारण बहुतेक वेळा लांबी. स्विचबरोबर आलेल्या केबली अर्ध्या मीटरच्या असतात. शेजारच्या दोघांना त्या पुरतात, पण मध्ये पॅच पॅनेल आले की तळापासून वरपर्यंत पोचत नाहीत. लांब केबल वेगळी मागवावी लागते. ती त्या दिवशी नसते, मग पुढच्या आठवड्यात लावू म्हणून काम संपवलं जातं. त्याला एक तोड आहे. एक सोडून एक जोडायचं: पहिला तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा दुसऱ्याला, दुसरा पहिल्याला. गोल पूर्ण होतो आणि कुठलीही केबल दोन घरांहून लांब जात नाही.

वीज देताना आधी पहिल्याला द्यावी, तो पूर्ण उठेपर्यंत थांबावं, मग एकेक करून बाकीचे. कॅटॅलिस्ट 9300 सारख्या मालिकेत निवडणुकीसाठी 120 सेकंदांची मुदत असते. तेवढ्या वेळात उठलेले सगळे प्रमुखपदाच्या शर्यतीत असतात, नंतर येणारे साधे सदस्य म्हणून सामील होतात. सगळे उठले की कन्सोलवर शो स्विच ही आज्ञा द्यावी. चार ओळी येतात. प्रत्येकीपुढे रेडी असायला हवं, क्रमांक कागदाप्रमाणे हवेत, प्रमुख पहिला हवा. मग स्टॅकच्या सॉकेटांची स्थिती विचारावी. आठच्या आठ जोडलेली दिसली पाहिजेत. गोल पूर्ण आहे की अर्धा, हेही विचारता येतं. अर्धा म्हणाला तर पुन्हा रॅकच्या मागे. सगळं जुळलं की कॉन्फिगरेशन जतन करावं आणि त्याची एक प्रत लॅपटॉपवर घ्यावी.

मग चाचणी, आणि ती ग्राहकाच्या समोर. एका संगणकावरून सर्व्हरला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी सततची हाक, लावून ठेवायचं आणि एक स्टॅक केबल काढायची. पिंग चालू राहायला हवं. केबल परत लावून, गोल पूर्ण झाल्याची खात्री करून, प्रमुखाची वीज काढायची. संगणक आणि सर्व्हर दोन्ही इतर सदस्यांवर असतील तर पिंग क्षणभर अडखळेल आणि पुढे जाईल. त्या रुग्णालयात हे करताना माझ्याबरोबरचा मुलगा घाबरला. "दादा, चालू दवाखान्यात वीज काढायची?" आम्ही रविवारी दुपारी, सगळ्यांना सांगून, लेखी परवानगी घेऊन काढली. बिघाड सांगून येत नाही. निदान एकदा तरी तो आपण ठरवलेल्या वेळी, सगळे समोर असताना घडवून बघितलेला बरा.

एक गोष्ट प्रत्येक ग्राहकाला मी स्पष्ट सांगतो, तुम्हालाही सांगतो. बंद पडलेल्या स्विचवरचे संगणक बंदच राहतात. स्टॅक त्यांना वाचवत नाही. तो बाकीच्यांना वाचवतो. म्हणून कुठली वायर कुठल्या सदस्यावर टोचायची, याचा विचार हा स्टॅकिंगचाच भाग आहे. एका मजल्यावरचे वायफायचे ॲक्सेस पॉइंट एकाआड एक वेगवेगळ्या सदस्यांवर द्यावेत. एक सदस्य गेला तर शेजारचा ॲक्सेस पॉइंट थोडीफार बाजू सांभाळतो. कॅमेऱ्यांचंही तसंच. केसपेपरच्या दोन खिडक्या कधीही एकाच स्विचवर ठेवू नयेत. आणि सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतातच: एक केबल पहिल्या सदस्यावर, दुसरी चौथ्यावर, आणि दोघींची मोळी. इंटरनेटच्या राउटरकडे जाणाऱ्या अपलिंकचंही असंच करावं. कल्पना कंपनीची ती जुनी युक्ती इथे खऱ्या अर्थाने फळते. सदस्य वेगळे असले तरी स्विच एकच असल्यामुळे मोळी बांधता येते. स्पॅनिंग ट्रीला कुठली केबल बंद ठेवावी लागत नाही, दोन्ही राबतात, आणि एक गेली तर दुसरी आहे. स्टॅकचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हा. अपलिंक दोन्ही एकाच सदस्यावर दिले, तर एवढा खर्च करून पुन्हा जुन्या जागी आलो.

नवा सदस्य जोडताना नियम एकच: तो बंद असताना जोडा. चालू स्विच चालू स्टॅकला जोडला तर दोन प्रमुख समोरासमोर येतात, पुन्हा निवडणूक होते आणि हरलेली बाजू रीस्टार्ट होते. हरणारी बाजू तुमचा 192 पोर्टांचा स्टॅकही असू शकते. वापरलेल्या स्विचमध्ये कुणी आधी 15 प्राधान्य देऊन ठेवलं असेल, तर निवडणुकीत त्याचं पारडं जड होऊन त्याच्या पोटातलं परकं कॉन्फिगरेशन सगळ्यांवर चढू शकतं. पुसल्याशिवाय जवळ नेऊ नका म्हटलं, ते यासाठी. उलट, बिघडलेल्या सदस्याच्या जागी त्याच मॉडेलचा, त्याच आवृत्तीचा, त्याच क्रमांकाचा स्विच बंद स्थितीत बसवून चालू केला, की प्रमुख त्याला त्या जागेचं सगळं कॉन्फिगरेशन स्वतःच देतो. मोठ्या शहरातून इंजिनियर येण्याची वाट बघावी लागत नाही.

दोन केबली दोन ठिकाणी तुटल्या तर? तर गोलाचे दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला वाटतं की दुसरा मेला, आणि दोघेही त्याच आयपी ॲड्रेसने, त्याच कॉन्फिगरेशनने कारभार चालू ठेवतात. एकाच गावात एकाच नावाचे दोन तलाठी बसले तर जसे सातबारे निघतील, तसा गोंधळ. म्हणून एक केबल तुटल्याची सूचना लगेच फोनवर किंवा मेलवर येईल अशी सोय करून ठेवावी. पहिली तुटल्यावर कुणालाच कळत नाही, कारण काहीच बंद पडत नाही.

स्टॅक सगळीकडे मात्र चालत नाही. पनवेल तालुक्यात हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचं एनएम 1 हे डेटा सेंटर जुलै 2020 मध्ये सुरू झालं. 7200 रॅक आणि 50 मेगावॅट वीज ही त्याची जाहीर केलेली क्षमता. अशा आकाराच्या जागांसाठी जगभर वेगळी रीत रूढ आहे. प्रत्येक रॅकचा स्विच वरच्या सगळ्या मुख्य स्विचना जोडायचा आणि प्रत्येकाचं डोकं स्वतंत्र ठेवायचं. तिचं मूळ बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी 1953 मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेल्या रचनेत आहे. स्वतंत्र डोकी का? कारण स्टॅकमध्ये डोकं एक असतं. त्याच्या सॉफ्टवेअरमधली एक खोट किंवा तुमच्या हातची एक चुकीची आज्ञा सगळ्या सदस्यांना एकदम लागते. आवृत्ती बदलायची तर बहुतेक स्टॅक अख्खाच्या अख्खा रीस्टार्ट होतो. रुग्णालयाच्या मजल्यांना रविवारी दुपारी पंधरा मिनिटं चालतात. डेटा सेंटरला नाही चालत. त्यामुळे माझं मत असं: संगणक, फोन, कॅमेरे, वायफाय जिथे टोचले जातात तिथे स्टॅक उत्तम. जिथे सगळ्या इमारतींचं नेटवर्क एकत्र येतं, तिथे शक्य असेल तर दोन स्वतंत्र स्विच ठेवावेत.

आणि आपल्या हवेबद्दल. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पनवेलला त्यात खाडीची खारट दमट हवा मिळते आणि बांधकामांची धूळ. जिन्याखालच्या बंद खोलीत स्टॅकच्या सॉकेटांवर ओल धरते. रिकामी सॉकेट झाकणाने बंद ठेवावीत. पहिल्या आणि दुसऱ्या स्विचची वीज वेगवेगळ्या यूपीएसवरून घ्यावी. त्या रुग्णालयात चारही एकाच पट्टीवर होते; ती पट्टी गेली असती तर स्टॅकनेही काही केलं नसतं. रॅकला अर्थिंग द्यावं आणि ते दरवर्षी पावसाळ्याआधी मोजून घ्यावं.

त्या रुग्णालयात पुढे चार नवे स्विच बसले. पहिल्या कोटेशनमध्ये चार स्विच आणि तीन स्टॅक केबली लिहिल्या होत्या. मी चौथी, एक मीटरची, हाताने लिहून सही घेतली. तुमच्या शाळेच्या, पतपेढीच्या, दवाखान्याच्या कामाचं कोटेशन आलं की तेवढी एक ओळ आधी वाचा. केबलींची संख्या स्विचच्या संख्येएवढी नसेल, तर सही करू नका.